सिंधुची सातवी आणि माझा सायफन

बायकोला विज्ञान मी शिकवणार, असं एका रविवारी मी चहा पिता पिता जाहीर केलं. मी एवढंच केलं. बाकी सगळं आपोआप झालं.

आधी घरचं सांगतो. लातूर जिल्हा नवा नवा झाला तेव्हा उस्मानाबादहून जी टेबलं, कपाटं आणि कारकून इकडं पाठवण्यात आले, त्यांतला मी एक कारकून, लिंबाजी. (कपाटं माझ्याआधी पोचली. त्यांची जास्त निकड होती.) चन्नबसप्पा आप्पांच्या माडीवर आम्ही भाड्यानं राहायला आलो. खाली आप्पा आणि त्यांच्या पार्वतीबाई, वर मी, बायको सिंधु आणि सातवीतली मुलगी संघमित्रा, म्हणजे आमची मित्रा.

त्या उन्हाळ्यात लातुरात बोलायला दोनच विषय होते. जिल्हा आणि पाणी. जिल्हा झाला होता, पाणी नव्हतं. टँकर येईल तेव्हा यायचा. गल्लीत खंदक खणून जिल्ह्याच्या नव्या योजनेचे जाडजूड पाइप आणून टाकले होते, पण त्यांत सध्या मांजरं राहत होती. तरी लोकांचा भरवसा होता. एवढा जिल्हा दिला, तर पाणी काय अडवून ठेवतील?

अशात बातमी आली की आमच्या वस्तीत बालवाडी निघणार, आणि तिला बाई पाहिजे. अट एकच, सातवी पास. सिंधुचं तिथंच अडलं. पाचवीनंतर धाकटी भावंडं सांभाळायला म्हणून तिला शाळेतून काढलं होतं. पण गल्लीतलं कुठलंही रडकं पोर तिच्या मांडीवर टाकलं की गप्प व्हायचं, आणि ही नोकरी आपलीच आहे हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. तिनं बाहेरून सातवीचा फॉर्म भरला. मला तिचा फार अभिमान वाटला. (तेव्हा तोंडानं बोललो नाही. आता बोलतो.)

पुस्तकं घरात होतीच. मास्तरीणही घरातच होती. मित्रा हातात फूटपट्टी घेऊन आईला शिकवायला बसली.

"एका हौदाला दोन नळ आहेत," मित्रानं गणित घातलं. "एक हौद भरतो, दुसरा रिकामा करतो. दोन्ही एकदम सोडले तर हौद किती वेळात भरेल?"

"हे कुठल्या गावचं हाय?" सिंधुनं विचारलं.

"आई, गणित आहे ते."

"ते कळलं गं. पर हौद भरायच्या आधी खालचा नळ सोडून ठेवणारं ते येडं कोण हाय? आधी त्याला बंद कर म्हणावं, मग मी गणित करते."

इतिहासात तख्तासाठी भाऊ भावाच्या जिवावर उठला, हे तिला एका वाचनात पाठ झालं. बांधावरून तसलं तिनं माहेरी बरंच पाहिलं होतं. भूगोलात मात्र भांडण झालं, कारण पुस्तकात लातूर अजून उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुकाच होता.

"मग तुझे बाबा रोज शर्ट खोचून जातेत तरी कुठं?" सिंधुनं विचारलं.

मी नागरिकशास्त्रात मदत करायला गेलो. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांच्या कामांबद्दल चार शब्द सांगितले. मित्रानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "बाबा, तुम्ही धडा वाचून या."

मी नवीन जिल्ह्याच्या कचेरीतला माणूस! ते मला लागलं. म्हणून त्या रविवारी मी चहाचा कप खाली ठेवून म्हणालो, "विज्ञान राहिलंय ना? ते माझ्याकडं. मी मॅट्रिकला सायन्स घेतलं होतं." (घेतलं होतं हे खरं आहे. सायन्सनं मला घेतलं नाही.)

धडा निघाला सायफनचा. नळीचं एक टोक वरच्या भांड्यात बुडवायचं, दुसरं खाली सोडायचं, तोंडानं हवा ओढून घ्यायची, की पाणी आधी नळीतून वर चढतं आणि मग खाली उतरतं.

"वर चढतं?" सिंधु म्हणाली. "पंप न्हाई, काय न्हाई, आन् आपल्या मनानं वर चढतं?"

"विज्ञान आहे ते."

"असंल. लातुरात पाणी खाली यायला तयार न्हाई, आन् हे वर चढवायलेत."

"आई, परीक्षेत हमखास येतं हे," मित्रा म्हणाली.

"पटल्याबिगर मी लिहायची न्हाई."

आता हे तर वाईट होतं, कारण ती खरंच लिहिणार नव्हती. परीक्षा उद्यावर आलेली, आणि सिंधुच्या बालवाडीच्या आड हा सायफन उभा. मी बाह्या वर केल्या. "डोळ्यांनी दाखवतो," म्हणालो.

आप्पांकडं बागेला पाणी घालायची लांब रबरी नळी होती. बाग केव्हाच वाळली होती, नळी खुंटीला होती. आप्पांनी ती काढून दिली आणि विचारलं, "नळीत घालायला पाणी हाय का तुमच्याकडं?"

पाणी होतं. माडीच्या गच्चीत आमचं पिंप काठोकाठ भरलं होतं. टँकरमागं धावून सिंधुनं ते घागरी घागरीनं भरलं होतं. परीक्षेच्या दिवसांत पाण्यापायी रांगेत उभं राहावं लागू नये, म्हणून ती त्याला कुणाला हात लावू देत नव्हती. "एक तांब्या इकडचा तिकडं झाला तर बघा," असं मला बजावून मगच तिनं झाकण काढलं.

नळीचं टोक पिंपात सोडलं, नळी कठड्यावरून खाली गल्लीत टाकली आणि ती निसटू नये म्हणून कठड्यावर तिच्यावर एक वीट ठेवली. (ही वीट ठेवण्याची कल्पना माझी. नोंद असावी.) खाली बादली घेऊन मी उभा राहिलो आणि हवा ओढू लागलो.

काही येईना. पुन्हा ओढली. रबराचा वास आला, मग एक कोळी आला. शेजारच्या धुरपतामावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. "लिंबाजीराव, दम्याला चांगलं आसतंय का हे?" त्यांनी विचारलं. माझे गाल दुखले, डोळ्यांपुढं चांदण्या आल्या. वरून सिंधु वाकून बघत होती.

"चढलं का हो?"

"पुस्तकात छापायची चूक आहे!" मी ओरडलो. नळीचं टोक खंदकाकडं भिरकावलं, बादली दारात आपटली आणि तडक कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन बसलो. गुरुजनांचा असा अपमान झाल्यावर स्पेशल चहाच लागतो.

इकडं कुणीतरी टँकर आल्याची हूल उठवली. आमच्याकडं टँकरच्या रांगेत नंबर लावायची रीत अशी, की आपली एक वस्तू रांगेत ठेवायची. कुणाची फुटकी घागर, कुणाचं डालडाचं डबडं. आमची वीट होती. सिंधुनं कठड्यावरची ती वीट उचलली आणि मित्राला घेऊन चौकाकडं पळाली.

मी हॉटेलात दुसरा चहा सांगत होतो, तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली.

"आलं! नव्या पाइपाला पाणी आलं!"

मी चहा तसाच टाकून धावलो. बघतो तर खरंच! खंदकातल्या जाड पाइपाच्या तोंडातून पाण्याची धार लागलेली. मांजरं बाहेर पळालेली. धुरपतामावशी घागर लावून बसलेल्या, त्यांच्यामागं बाया, कळश्या, बादल्या, पातेली. पार्वतीबाई पाइपाला हळदकुंकू वाहत होत्या. आप्पांनी नारळ फोडला आणि त्यातलं एक भकल माझ्या हातात दिलं.

"काय लिंबाजीसाहेब," आप्पा म्हणाले. आजवर ते मला 'वरचे' म्हणायचे. "शेवटी आणलंत म्हणायचं पाणी!"

मी कचेरीत आवक-जावक बघतो. पाणी माझ्या आवकेतही नाही आणि जावकेतही नाही. पण समोर एवढी माणसं आनंदात असताना त्यांचा विरस कसा करायचा?

"प्रयत्न चालू होते," मी म्हणालो.

मग मला चेव चढला. मी रांग लावली. दुसरी घागर आणणाऱ्यांना मागं धाडलं. "घाई करू नका, जिल्ह्याचं पाणी आहे, सगळ्यांना पुरेल!" असं एक छोटं भाषणही झालं. माडीवरून उतरून पाइपाच्या तोंडात शिरलेली रबरी नळी तिथंच, भिंतीवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लोंबत होती. पण धारेवरून नजर काढून भिंत कोण बघतो? मीही नाही बघितली.

आपण कचेरीतली माणसं, आपण शेवटी, म्हणून मी घागर घेऊन रांगेच्या टोकाला उभा राहिलो. माझा नंबर आला आणि धार बारीक झाली, करंगळीएवढी झाली, मग गुळण्या टाकून थांबली. माझी घागर अर्धीच भरली. तरी काय झालं? नव्या जिल्ह्याचं पहिलं पाणी! मी घागर खांद्यावर घेऊन जिना चढलो.

"सिंधु, पाणी आणलं!"

टँकर काही आलाच नव्हता. सिंधु आणि मित्रा नुकत्याच परतून पिंपापाशी उभ्या होत्या. पिंप ठणठणीत कोरडं होतं. मित्रा नळीवर बोट ठेवून पिंपापासून कठड्यापर्यंत गेली, खाली वाकली, आणि माझ्याकडं वळली.

"बाबा, वीट नळीवरच ठेवली होती ना तुम्ही? नळी दबली होती. तुम्ही ओढलेलं पाणी विटेपर्यंत येऊन थांबलं होतं. आईनं वीट उचलली आणि..."

मी घागरीकडं बघितलं. आमच्याच पाण्यासाठी मी रांगेत उभा होतो, आणि तेही शेवटी.

आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी खाली मान घातली. परीक्षा उद्या, घरात अर्धी घागर पाणी. सिंधुनं पिंपात बघितलं, नळीकडं बघितलं, कठड्यावरून खाली बघितलं. आणि मग तिला जे हसू फुटलं, ती पदर तोंडाला लावून खालीच बसली.

"चढतंय की हो!" हसता हसता ती म्हणाली. "पंप न्हाई, काय न्हाई, आख्खं पिंप चढून गेलं! पटलं बाई, आता पटलं!"

ते हसणं खाली ऐकू गेलं आणि गोष्ट लपवायचा प्रश्नच उरला नाही. गल्लीला पत्ता लागला. मला वाटलं, आता माझी धिंड निघणार. पण धुरपतामावशी जिना चढून आल्या आणि आपली घागर पिंपात ओतली. "सिंधुची परीक्षा हाय उद्या. पोरगी रांगंत उभी ऱ्हायली तर आमची बालवाडी कोण चालवंल?" मग एकेक बाई येत गेली. कुणी कळशी, कुणी तांब्या. प्रत्येक जणी ओतून झालं की मला नीट न्याहाळून जायची. दिवेलागणीपर्यंत पिंप पुन्हा गळ्याला आलं. आप्पांनी तेवढं नारळाचं एक भकल परत मागितलं, आणि मी पुन्हा 'वरचे' झालो.

निकाल लागला. सिंधु पास झाली, बालवाडीची बाई झाली. सगळ्यांत जास्त मार्क विज्ञानात! मी पेढे घेऊन गल्लीभर फिरलो. विज्ञान मी शिकवलं होतं, हे लोकांना पेढ्याबरोबर सांगत गेलो. घरी आल्यावर ऐटीत विचारलं, "सायफन आला होता ना? काय लिहिलंस त्यात?"

"प्रयोग लिहिला की. साहित्य: एक पिंप, रबरी नळी, वीट आन् नवरा."

"नवरा?"

"वीट नळीवर ठेवाया कुणीतरी लागतंयच की. मग कृती लिहिली. निरीक्षण लिहिलं, पिंप रिकामं झालं."

"आणि अनुमान?"

"अनुमान सोडून दिलं," सिंधु म्हणाली. "पेपर तपासणारा परका माणूस. त्याला घरातलं कशाला सांगायचं?"