चार किलो कमी

सकाळी साडेदहा वाजता सरकारी आरोग्य विमा कार्यालयाच्या दुसऱ्या खिडकीतून बसड्रायव्हरचा अर्ज परत आला. आतल्या अधिकारी बाईंनी कारण सांगितलं, "तुमचं वजन कमी पडतंय. पुढचे!"

ड्रायव्हर बाजूला झाला. त्याचं पोट थोड्या वेळाने झालं.

स्टिअरिंग जास्त गोल की ड्रायव्हर, असा प्रश्न पुढच्या सीटवरच्या प्रवाशांना नेहमी पडे. डेपोच्या डॉक्टरांनी तर त्याला बजावलंच होतं: पुढच्या तपासणीपर्यंत आणखी वजन उतरवा, नाहीतर बसवरून उतरा आणि टायरच्या गोदामात बसा. वजन उतरवणारं इंजेक्शनही त्यांनीच लिहून दिलं होतं. ते इतकं महाग, की विम्याने मंजूर केलं तरच टोचून घेता येणार.

अशा देहाच्या माणसाला वजन कमी पडतंय म्हटल्यावर त्याने काय समजावं? त्याने शहाण्यासारखा एकच अर्थ काढला: इथे ओळख लागते!

घरी बायकोने लगेच भावाला फोन लावला. हा मेहुणा अंगाने काडी, पण सोसायटीचा सेक्रेटरी. नळाला पाणी आलं तरी ते आपल्या शब्दाला मान देऊन आलं, असं समजणारा.

"दाजी, एवढंच ना? उद्या फक्त माझ्या मागे उभे राहा. तोंड उघडायचं नाही. मंजुरी घेऊनच बाहेर पडू!"

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने खिडकीवर कोपर टेकवलं. "मॅडम, दाजींचं वजन कमी पडलं म्हणे. मग माझं धरा!"

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. फार वेळ लागला नाही.

"तुमचं?"

"दिसण्यावर जाऊ नका. नगरपालिकेत चालतं, वीज कार्यालयात चालतं!"

"इथे अर्जदाराचंच चालतं."

मेहुणा समजूतदारपणे हसला. त्याने आवाज खाली आणला. "कळलं. किती कमी पडतंय तेवढं बोला."

"चार किलो."

मेहुण्याने ड्रायव्हरला दंडाला धरून जिन्यापाशी नेलं. "दाजी, बाई मुरलेली आहे. किलोत बोलते!"

"पण चार किलो कशाचं?"

"ते उघड विचारायचं नसतं हो!"

बराच खल झाला. सोनं अशक्य, साखर हलकी दिसेल. शेवटी दोघं बेकरीत गेले आणि चार किलोचा केक घेतला.

"वर नाव कोणाचं घालू?" बेकरीवाल्याने विचारलं.

"नाव नको!" मेहुणा दचकून म्हणाला. "नाव अजिबात नको!"

दुपारी तो खोका खिडकीत तिरका करून आत सरकवण्यात आला.

"हे काय?"

"चार किलो. काट्यावर टाकून बघा."

बाईंनी झाकण उघडलं, परत लावलं आणि खुर्ची मागे घेतली. "लाच?" हा शब्द त्या हळूच बोलल्या, पण तो शेवटच्या खिडकीपर्यंत पोचला.

"अहो मॅडम, तुम्हीच म्हणालात..."

"शरीराचं वजन! इंजेक्शनसाठी यांच्या उंचीला जेवढं हवं त्याहून चार किलो कमी आहे. मर्यादा ओलांडली तरच विमा इंजेक्शनचा खर्च देतो."

ड्रायव्हरने त्या दिवशी खिडकीवर पहिल्यांदाच तोंड उघडलं. "म्हणजे मी जाड नाही?"

"आहात. पण नियमाइतके नाही."

"दोन महिन्यांपूर्वी होतो की हो! बायकोने उकडलेल्या भाज्यांवर ठेवलं आणि पाच किलो उतरलं."

"अभिनंदन," बाई म्हणाल्या.

"मग बारीक व्हायचं औषध मिळवायला आधी जाड होऊन यायचं?"

"तसं मी सांगू शकत नाही. सोमवारी दहाला फेरमोजणी आहे, हे सांगू शकते. आणि तो खोका उचला. पुढचे!"

घरी बायकोने आधी केककडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "दोन महिने मी भाज्या उकडल्या ते यासाठी?" तिने सुरी आणली, मोठा तुकडा कापला आणि ताटली त्याच्यापुढे आदळली. "घ्या. खाताना माझ्याकडे बघू नका फक्त."

तो भिंतीकडे बघून खात राहिला. केक संपला त्याच संध्याकाळी डेपोतून निरोप आला: तपासणी सोमवारीच, साडेअकरा वाजता. डेपोला वजन उतरलेलं हवं होतं, विम्याला चढलेलं. मधे दीड तास आणि एक बस बदलायची.

सोमवारी ड्रायव्हर विम्याच्या काट्यावर चढला. बाईंनी आकडा वाचला. "दोनशे ग्रॅम कमी."

"बूट घालून मोजा ना!" मेहुणा म्हणाला.

"बुटांचा विमा नाही."

"मग पाच मिनिटं थांबा, पाणी आणतो! दाजी, हलू नका!" मेहुणा जिना उतरत सुटला.

तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन वाजला. डेपोचे डॉक्टर होते. "आज लवकर मोकळा झालोय. असाल तसे निघा. आणि काही खाऊ-पिऊ नका, रक्तही तपासायचंय!"

मेहुणा दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन धापा टाकत वर आला, तेव्हा ड्रायव्हरचा एक पाय काट्यावर होता आणि एक जमिनीवर. बाई आकडा लिहायला पेन उघडून बसल्या होत्या. त्यांनी दोनदा विचारलं, "चढताय की उतरताय?"