विझलेल्या लाल चमकेचा तपास

"माझी नजर भिंतीपलीकडे जाते, आणि बुद्धी तिच्याही आधी पोचलेली असते!" ससाणासाहेबांनी सकाळी पुन्हा एकदा जाहीर केलं. ससाणा हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला ठेवलेलं. सरबताच्या कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते, कारण मालकांचे मेहुणे होते. दिवसभर प्रयोगशाळेत ठाण मांडत, कारण तिथे एसी होता.

तिथे सरबत तपासणाऱ्या बाईंना ते एरवीही डोळ्यांसमोर नको असत. आज तर मुळीच नको होते. बाईंकडे सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं एक द्रावण होतं. जांभळ्या दिव्याखाली ते लालभडक चमके, आणि त्यात व्हिटॅमिन सी पडलं की चमक विझे. गेल्या आठवड्यात मालकांचं 'व्हिटॅमिनयुक्त' सरबत त्यात घातलं, तर चमक ढिम्म हलली नाही. बाईंनी तसा अहवाल दिला आणि शाळांना जाणारा माल अडला. आज मालकांसमोर पुन्हा चाचणी केली, तर सरबतानेच काय, नळाच्या साध्या पाण्यानेही चमक विझली!

"नळाला व्हिटॅमिन येतंय वाटतं," मालक म्हणाले. "बारापर्यंत उलगडा करा. नाहीतर अहवाल फाडा आणि घरी बसा."

बाईंनी द्रावणाची बाटली पुन्हा दिव्याखाली धरली.

"सोनं चोरीला गेलंय!" ससाणासाहेब गरजले.

"अहो, त्या बाटलीतल्या सोन्यात मुंगीचंसुद्धा कानातलं होणार नाही."

"म्हणजे चोर मुंगीपेक्षा लहान आहे." त्यांनी वहीत टिपलं. मग बाईंच्या अंगठीकडे दहा मिनिटं रोखून पाहिलं, दिव्याला संशयित ठरवलं, नळाची उलटतपासणी घेतली. नळ गप्प राहिला, हे त्यांना फारच सूचक वाटलं. एवढ्या अक्कलहुशारीने घसा सुकला, तेव्हा त्यांनी पाण्याच्या पेल्यात एक गोळी टाकली आणि स्टँडमधली काचेची कांडी घेऊन ती फसफस ढवळू लागले.

फरशी पुसणाऱ्या मावशी थबकल्या. "साहेब, ही कांडी बाईंची ना? सोमवारपासून बघतेय. रोज ढवळता, चाटता आणि परत तिथेच ठेवता."

"मेंदूला धार यावी म्हणून व्हिटॅमिन सी घेतो मी!" साहेब ऐटीत म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला. धुतलेली आहे असं समजून सकाळपासून त्या त्याच कांडीने सगळ्या नळ्या ढवळत होत्या.

बाराला मालक आले. बाईंनी नवी कांडी काढली. साधं पाणी घातलं, चमक तशीच. सरबत घातलं, तरी तशीच.

"म्हणजे तुमच्या चाचणीला काहीच ओळखता येत नाही!" मालकांना आशा वाटली.

बाईंनी साहेबांच्या पेल्यातला एक थेंब टाकला. चमक झटकन विझली.

"येतं की," बाई म्हणाल्या. "अख्ख्या कारखान्यात व्हिटॅमिन आहे ते एवढ्या एका पेल्यात. लिहू अहवालात?"

माल अडलेलाच राहिला.

'गुन्हेगार माझ्या नजरेतून सुटला नाही,' ससाणासाहेबांनी वहीत लिहिलं आणि उरलेलं ढवळायला कांडी शोधू लागले. मावशींनी त्यांच्या हातात चमचा ठेवला.