‘अर्धी मात्रा’ची सीडी

‘अर्धी मात्रा’ या अल्बमचा शेवटचा तुकडा बत्तीस वर्षं संपला नव्हता, आणि तो वाजवणारे दोघे अजून स्टुडिओतून बाहेर आले नव्हते. त्यातले तबलजी त्र्यंबकराव हसबनीस म्हणजे कुंदाचे वडील. ते रेकॉर्डिंगला गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. दुसरे आग्नेल फुर्तादो, सॅक्सोफोनवाले. जॅझ आणि तबला एका ताटात वाढणारी ही रेकॉर्ड इतकी गाजली, की आतल्या माणसांची चौकशी करायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

झालं होतं ते अगदी साधं. रेकॉर्डची बाजू भरत आली, तुकडा काही संपेना, म्हणून रेकॉर्डिस्टनं बटण हळूहळू खाली आणलं, आवाज विरत नेला आणि तो घरी गेला. थांबा असं कुणी सांगितलं नाही. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, दोघं एकत्र आल्याशिवाय तबल्यावरचा हात उचलायचा नाही, ही त्र्यंबकरावांना लागलेली शिस्त. लाल दिवा पेटलेला असताना बाहेरच्यानं आत जाऊन बोलायचं नाही, ही स्टुडिओची शिस्त. दोन शिस्ती अशा समोरासमोर आल्या, की मधल्या माणसाचं काय होणार, कपाळ!

डबा मात्र आत जाई. आणि घरी रेकॉर्डचा शेवट लावून आवाजाचं बटण पार टोकाला नेलं, की खरखरीच्या तळाशी त्या घटकेला चाललेला तबला ऐकू येई. कुंदाची आई रोज दुपारी स्पीकरला कान लावून बसे. उजव्या हाताचे बोल गळून नुसता डाव्या हाताचा डग्गा उरला की म्हणे, “बसले जेवायला.” उजवा हात लवकर परतला की चुकचुके, “गवार दिली ना आज, तीच मेली नडली.” चार वर्षांपूर्वी एका दुपारी, कान तसाच लावलेला असताना, ती वारली. आत कळवायची सोय नव्हती. कुंदानं डबा चालू ठेवला. गवार तेवढी कधी दिली नाही.

अशात रेकॉर्ड कंपनीचे चौबळ नमुन्याची सीडी घेऊन घरी आले. अल्बम नव्यानं निघणार होता.

“खरखर सगळी काढलीय,” चौबळ म्हणाले. “शेवट तेवढा राहिलाय. तो शुक्रवारी शून्यावर नेऊ.”

“शून्यावर म्हणजे?”

“जुनं बटण खालपर्यंत जायचंच नाही हो, थोडा आवाज राहायचा. नव्या यंत्रात शून्य म्हणजे शून्य.”

“आणि बाबा?”

“तेही,” चौबळ म्हणाले. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. “आपणहून समेवर आले तर आमची काही हरकत नाही. उलट बरंच.”

ते गेल्यावर कुंदानं सीडी लावली आणि बटण टोकाला नेलं. खरखर नव्हती, त्यामुळे बोलणंही ऐकू आलं. बाबा कळवळून म्हणत होते, “सम! आग्नेल, सम!” आणि आग्नेल धापा टाकत उत्तर देत होते, “हो हो, देतो ना, देतो!” मग सॅक्सोफोन पुन्हा लांबच्या लांब सुटे. कुंदानं तीनदा ऐकलं, तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं. इंग्रजीत ‘सम’ म्हणजे थोडं. आग्नेल बिचारे समजत होते, की हा अजून थोडं मागतोय.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत गेली. चौबळांनी लाल दिव्याकडे बोट दाखवलं. “बोललात तर ते सीडीवर येईल.”

“येऊ दे की!” कुंदा म्हणाली आणि तिनं दार ढकललं.

सीडीवर ते आलंही आहे. शेवटाकडे एक बाई ओरडते, “अहो, सम म्हणजे थांबायची जागा!” मग सॅक्सोफोन एका आवर्तनापुरता अडखळतो, तबल्याची तिहाई, एकच बोल तीनदा, पडते आणि दोघं नेमके एकत्र थांबतात.

आग्नेल सॅक्सोफोन मांडीवर घेऊन बसून राहिले. त्यांचे ओठ हलले. कुंदानं कान जवळ नेला, तेव्हा ऐकू आलं. “मला वाटलं, ह्याला आवडतंय. म्हणून मागतोय.”

बाबांचा आवाजही तेवढाच होता. रेकॉर्डिस्टनं बटण जिथं आणून सोडलं होतं, तिथंच तो राहिला होता. टॅक्सीत ते दोनदा “जरा हळू” म्हणाले, ते टॅक्सीवाल्यापर्यंत पोचलं नाही. कुंदानं कंपनीत फोन करून आवाज वाढवून मिळेल का विचारलं. चौबळ म्हणाले, “सीडीचा म्हणाल तेवढा वाढवू. त्यांचं बटण आमच्याकडे नाही.”

घरी बाबा स्पीकरशेजारच्या खुर्चीत बसले, आईच्याच. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुंदानं आईसारखाच कान त्यांच्या तोंडाशी नेला.

“तुझी आई?”

बत्तीस वर्षांत तिला पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलायला मिळत होतं, आणि बोलायचं ते हे. “आई गेली, बाबा.”

“कुठं? मंडईत?”

‘सम’ हा शब्द तिनं आज ओरडून समजावला होता. पण ‘गेली’ हा तिला समजावता येईना.

“येऊ दे,” बाबा म्हणाले. “ती आल्यावरच जेवू सगळे. गवार नाही ना?”

“नाही.”

त्यांनी मान हलवली आणि वेळ जावा म्हणून खुर्चीच्या हातावर ठेका धरला. बोटं चालत होती, आवाज येत नव्हता. कुंदानं दोन ताटं मांडली होती. ती आत गेली आणि तिसरं घेऊन आली.