बाळूचा पंचनामा

आमच्या वरच्या मजल्यावरचे टिपणीसकाका घरी आलेलं पार्सल कधी एकटे उघडत नाहीत. आधी दोन पंच लागतात. एक मी, कारण खालच्याच मजल्यावर आयती सापडते, आणि दुसरा जिन्यात जो कोणी गाठ पडेल तो. पार्सल पायरीवर ठेवून काका कात्री चालवतात आणि खणखणीत आवाजात सांगतात, "पंचांसमक्ष उघडले असता आत गुडघ्याचा पट्टा, एक नग, मिळून आला." आम्ही माना डोलवतो. काका पट्टा घेऊन घरात जातात, आणि तेव्हा दार लगेच बंद व्हायचं.

डोंबिवलीत राहून शेजाऱ्याला कधी चहाला आत बोलवायचं नाही म्हणजे कमाल झाली! पण त्या उंबऱ्याच्या आत आमच्यापैकी कुणी पाऊल टाकलेलं नव्हतं. आत त्यांची थोरली बहीण, अक्का, असते, दोघांनीही लग्न केलेलं नाही आणि अक्कांची दृष्टी गेली आहे, इतकंच ऐकून माहीत होतं.

काका वनखात्यात कारकून होते. चोरून विकायला नेलेल्या प्राण्यापक्ष्यांचे पंचनामे लिहिण्यात जन्म गेला, त्यामुळे जिभेला तेच वळण. दूधवाला म्हणजे 'सदर इसम'. मी अळूवडी दिली तर म्हणणार, "मुद्देमाल उत्तम स्थितीत मिळाला." हसून पुरेवाट व्हायची. पण पोपट, मुनिया, कासव यांचा विषय निघाला की हसायची सोय नसे.

"पायमोजे असतात ना आपले, त्यात कोंबतात कासवं," काका सांगायचे. "हलू नयेत म्हणून वरून चिकटपट्टी. मग बॅगा भरून परदेशी. आम्ही मोजे कापायचो तेव्हा काही पाय बाहेर काढायची. काही काढायचीच नाहीत."

एवढं बोलून ते जिना चढू लागायचे आणि माझा चहा कडू होऊन जायचा.

घोडबंदर रोडला माझ्या नणंदेची वास्तुशांत होती. काका घर सोडून कुठे जात नाहीत, तेवढाच बदल म्हणून मी त्यांना हौसेने घेऊन गेले. हॉलमध्ये उत्तरेला काचेची पेटी, आणि पेटीत जिवंत कासव, पाठीवर पिवळ्या चांदण्या. त्याने घराची भरभराट होते म्हणे. काका वाकून बघत म्हणाले, "अनुसूची एक!" म्हणजे कायद्याने सगळ्यात कडक संरक्षण दिलेला प्राणी, हे मला मागाहून कळलं.

नणंदेला वाटलं, पाहुणे कौतुक करतायत. "हो ना, किती शोधून आणलंय यांनी!"

श्रीखंड-पुरीची पंगत बसली होती तेव्हा काकांनी फोन करून बोलावलेला वनरक्षक दारात उभा. नणंद अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. येताना ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या रिक्षात काका एकदाच बोलले, "विकणारा दुसरा चोर. पहिला घेणारा. त्याने हात आखडला की जंगलातलं जंगलात राहील."

त्यानंतर पाळी आली तळमजल्यावरच्या शेंड्यांची. वागळे इस्टेटच्या कारखान्यातून निवृत्त झालेला साधा माणूस. त्यांच्या गॅलरीत पोपट होता. काकांनी समजावलं, बजावलं आणि शेवटी वनखात्याला फोन केला. पोपट गेला. शेंडे रिकामा पिंजरा धुऊन-पुसून पुन्हा टांगून बसले. मला काकांचा फार राग आला.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये शेंडे उभेच राहिले. "ओ टिपणीस, मी काय वाघ पाळलेला का? आणि तुम्ही कुणाला घरात का घेत नाही हो? तुमच्या घरी नाही ना काय लपवलेलं?"

काकांनी 'नाही' म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण काका चपला घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माझी बेल वाजवली. "मंजू, पंच हवेत. माझ्या घरी. शेंड्यांनाही बोलाव."

आम्ही पहिल्यांदा आत गेलो. अक्का पलंगावर झोपल्या होत्या. त्यांच्या हाताखाली एक मोठं कासव होतं, तसंच चांदण्यांचं. पलंगाशी वनरक्षक अवघडून उभा होता.

"बाळू," काका कुजबुजले. "अक्का परकरी पोर होती तेव्हा बाबांनी मद्रासहून आणला. कायदा नंतर आला. आधीपासून घरी असलेल्यांची नोंद करायला मुदत दिली होती. लोकांचे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. घरचा द्यायचा तेवढा राहिला. मग मुदत गेली, आणि मग नोकरीची भीती."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला त्यावर हसता येईना आणि रागावताही येईना.

शेंडेच म्हणाले, "अहो, राहू द्या ना काका. कोण बघतंय? मी कुणाला बोलणार नाय."

"शेंडे, तुमचा पोपट मी न्यायला लावला."

काकांनी अक्कांची बोटं एकेक करून उचलली आणि बाळूला काढून घेतलं. सगळा पंचनामा कुजबुजत झाला. आवाज कसा तो नाही. वनरक्षकाने वर्णन विचारलं तेव्हा काका म्हणाले, "जास्वंद खातो. लाल असली तरच."

"ते लिहीत नसतात, काका."

"मग लक्षात ठेवा."

त्या दिवसापासून काकांचं दार उघडं असतं. लपवायला काही उरलं नाही. मी अक्कांशी गप्पा मारायला जाते. त्यांच्या मांडीवर आता एक दगडी कासव असतं, पूजेच्या दुकानातलं. काका ते सकाळी खिडकीतल्या उन्हात ठेवतात, कोमट झालं की पुसतात आणि बहिणीच्या हातात देतात. "म्हातारा झाला गं बाळू, हलत नाही हल्ली," म्हणतात. आयुष्यभर खरंखोटं पारखलेल्या माणसाला हे करताना पाहिलं की मी खिडकीबाहेर बघत बसते.

परवा काका चहा टाकायला आत गेले तेव्हा अक्कांनी माझं मनगट धरलं. "मंजू, दगड आहे हा. पहिल्याच दिवशी कळलं मला."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"त्याला सांगू नकोस. इतकी माया करून कधी खोटं बोलला नव्हता तो."

काका कप घेऊन बाहेर आले. अक्कांनी त्या दगडावरून हात फिरवत विचारलं, "दिगू, याने जास्वंद खाल्ली का रे आज?"

"खाल्ली, अक्का," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "सगळी खाल्ली."