मालसुक मावशींची सरकारमान्य विश्रांती

राष्ट्राची प्रकृती कशी आहे हे कळायचं असेल, तर त्या राष्ट्रातला माणूस गेल्या आठवड्यात काय करत होता हे माहीत असावं लागतं. प्रत्येकाला विचारणं परवडत नाही, म्हणून काही निवडक घरांना विचारतात. त्या घरातला माणूस जागेवर नसला, तर त्याच्याबद्दल घरातल्याच दुसऱ्या माणसाला विचारतात. अशा रीतीने जे हाती येतं त्याला सत्य म्हणतात, आणि ते दशांश चिन्हापुढे एका अंकापर्यंत अचूक असतं.

सोंगपो बंदर आणि आसपासच्या गावांतलं हे सत्य गोळा करण्याचं काम माझ्याकडे आहे. पंधरा तारीख ज्या आठवड्यात येते, त्या आठवड्याची आम्ही चौकशी करतो. बाकीच्या आठवड्यांत देश काय करतो याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. आमच्या व्याख्या स्वच्छ आहेत. मोबदला घेऊन आठवड्यात एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात मोजला जातो. घरच्याच धंद्यात मोबदल्याशिवाय राबणाऱ्या माणसाला मात्र अठरा तास भरावे लागतात. सतरा तास राबलेलं माणूस घरीच होतं असं धरतात. (कुठेतरी रेषा ओढावी लागते. रेषा ओढणारे पगारी असतात.)

माझ्या यादीत बंदरावरचं मा दोक्सू यांचं खाणावळीचं घर होतं. पुढे खाणावळ, मागे खालून तापवलेल्या गरम फरशीची एक खोली आणि त्यात नवरा-बायको. मुलगी हेरिम लग्न होऊन बुसानला गेलेली. पहाटे मासळीचा लिलाव आटोपला की बंदरावरचे सगळे लोक दोक्सूंकडे गुकबाप खायला येतात. डुकराची हाडं रात्रभर शिजवून केलेला दाट पांढरा रस्सा, त्यात भात आणि सोबत मुळ्याची किमची, म्हणजे आंबवलेलं तिखट लोणचं. ती किमची खायला पलीकडच्या बेटावरून माणसं बोट पकडून येतात.

दोक्सू मला नेहमी गल्ल्यापाशी बसवत आणि घराची माहिती अतिशय आपुलकीने देत. स्वतःचे तास विचारले की ते छताकडे बघत आणि म्हणत, "लिहा सत्तर. पंच्याहत्तर लिहा. मालकाला कसली आलीय सुट्टी!"

"आणि तुमच्या पत्नी?"

"ती? ती घरीच असते."

"खाणावळीत काही मदत?"

"करते थोडीफार. बायका काय, हात लावतातच कुठे ना कुठे. लिहा आठ तास."

हे ते सांगत असताना त्यांच्या पाठीमागे तीन हातांवर मालसुक मावशी मुळे चिरत असत. त्यांना सगळे मावशीच म्हणतात. गिऱ्हाइकं दारातूनच 'मावशी, दोन वाट्या!' अशी आरोळी ठोकत येतात. मुळे चिरण्याचा आवाज इतका असे, की दोक्सूंना 'घरीच असते' हे शब्द जरा मोठ्याने म्हणावे लागत. मी लिहून घेई. सर्वेक्षकाने समोर दिसतं ते लिहायचं नसतं, सांगितलं जातं ते लिहायचं असतं. नाहीतर आकड्यांत सर्वेक्षकाची मतं शिरतात.

पुढच्या खेपेला दोक्सू हाडं आणायला बाजारात गेले होते. नियमाप्रमाणे घरात हजर असलेल्या माणसाला विचारणं भाग होतं. मावशींनी हात पुसले आणि स्टूल ओढून समोर बसल्या.

"काय हो मोजणीवाले, मागच्या महिन्यात माझ्या नावापुढे काय लिहिलंत?"

त्यांचीच माहिती असल्यामुळे सांगायला हरकत नव्हती. "घरकाम. आणि धंद्यात मदत, आठ तास."

मावशींनी मागे चुलीवरच्या पातेल्याकडे पाहिलं. त्या पातेल्यात एक माणूस सहज उभा राहू शकेल. "आठ? कोण म्हणालं?"

"मालक."

"मी कुठे होते तेव्हा?"

"इथेच. त्यांच्या मागे."

आतून पाणी आणून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं आणि मग विचारलं, "आठ तास पुरत नाहीत म्हणून मी नोकरीवाली नाही. बरं. मग बाकीचे लोक काय काय असतात? वाचा बघू."

मी वाचलं. शिक्षण, मुलांचा सांभाळ, घरकाम, वार्धक्य, विश्रांती—

"थांबा. विश्रांती?"

"हो. म्हणजे आजारी नाही, काम शोधत नाही, नुसतीच विश्रांती."

"सरकार लिहून घेतं असं? आणि आहेत का कोणी त्यात?"

"देशभरात वीस लाखांच्या वर आहेत, मावशी."

"वीस लाख!" मावशींनी गालाला हात लावला. "आणि त्यात मी नाही. लिहा मला त्यात."

मी त्यांना समजावलं की असं मागून मिळत नाही. त्या आठवड्यात मुख्यत्वे विश्रांतीच घेतलेली असली पाहिजे. खोटी माहिती दिली तर राष्ट्राचं नुकसान होतं.

"खोटं कशाला बोलू? पुढच्या महिन्यातला तो आठवडा कुठला?"

ही माहिती गोपनीय नाही. मी तारखा सांगितल्या. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, मासळी सोसायटीच्या जहाजाच्या चित्राखाली, सातही दिवसांना शाईने गोल केले.

त्या आठवड्यात काय घडलं हे मी पुढे बऱ्याच जणांकडून ऐकलं, कारण बंदरावर दुसरा विषयच नव्हता.

रविवारी पहाटे दोक्सू उठले तर चूल थंड. खोलीचं दार सताड उघडं, आणि मावशी गरम फरशीवर उशी घेऊन, गिऱ्हाइकांना थेट दिसतील अशा आडव्या. उशाशी संत्री होती.

"हेरिमच्या आई, बरं नाहीये का?"

"बरं आहे."

"मग?"

"विश्रांती आहे. शनिवारपर्यंत. सरकारी आहे."

दोक्सू कायदा पाळणारे गृहस्थ. सरकारी म्हटल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "मला कसं नाही कळवलं?"

"तुम्ही आहात की रोजगारात. पंच्याहत्तर तास. करा सुरू."

दोक्सूंनी सुरू केलं. हाडं चढवली, पण पहिलं उकळतं पाणी ओतून टाकायचं असतं हे पंच्याहत्तर तासांच्या गडबडीत त्यांच्या कधी पाहण्यात आलं नव्हतं. रस्सा करड्या रंगाचा झाला. लिलावदार आले आणि सवयीने ओरडले, "मावशी, चार वाट्या!"

"मी नाहीये," मावशी खोलीतून म्हणाल्या.

"अहो, दिसताय की!"

"दिसतेय, पण नाहीये. मालकांना सांगा."

एकाने रस्सा चाखला, वाटीकडे पाहिलं आणि विचारलं, "मालक, भांडी धुतलेलं पाणी वेगळं वाढता का हल्ली?" दुसऱ्याने मुळ्याची किमची मागितली. ती सोमवारी दुपारी संपली. कशी करतात हे खाणावळीत एकाच व्यक्तीला ठाऊक होतं, आणि ती संत्रं सोलत होती.

मंगळवारी दोक्सूंनी हात टेकले. मागच्या गल्लीतल्या योम बाईंना त्यांनी रोजावर चुलीपाशी उभं केलं. वाढायला आणि भांड्यांना थाक यांगसिक यांना घेतलं. हे बोटीच्या तिकीटखिडकीवरून निवृत्त झालेले, त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी 'जायचं की यायचं?' असं विचारत. तीन माणसं मिळूनही दुपारच्या गर्दीत अर्धी टेबलं उपाशी राहायची.

आता मावशींबद्दल. लोकांना वाटलं त्या मजेत आहेत. मला त्यांनी नंतर सांगितलं, की पहिले दोन दिवस पडून राहण्याइतकं अवघड काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. डोळे मिटले तरी कान टेबलांवर. कोपऱ्यात पाणी संपलंय, कुणी तरी चमचा पाडलाय, मालक मीठ दोनदा घालताहेत. पाय आपोआप उठायला बघत. त्यांनी पायांवर पांघरूण घट्ट खोचून घेतलं.

"राग आला होता का हो तुम्हाला?" मी विचारलं.

"राग नाही. ते आठ म्हणाले तेव्हा मी तीन हातांवर होते. दहा म्हणाले असते, वीस म्हणाले असते, तरी मी हसले असते. पण बोलताना त्यांनी मागे वळून बघितलंच नाही. मला वाटलं, जरा लांब जाऊन पडावं, म्हणजे तरी दिसेन."

गुरुवारी गर्दी ओसरल्यावर दोक्सू उंबऱ्यावर येऊन बसले. बोटांना फडकं गुंडाळलेलं होतं. वाफेने भाजली होती.

"हेरिमच्या आई, त्या रश्श्यात तू नक्की काय घालतेस?"

"तुम्ही मालक. तुम्हाला माहीत असणार."

"नाही माहीत."

इतक्या वर्षांत दोक्सूंनी 'माहीत नाही' असं म्हटल्याचं मावशींना आठवेना. त्यांनी डोळे उघडून नवऱ्याकडे पाहिलं. "बोटाला तिळाचं तेल लावू नका. गार पाण्यात धरा," एवढंच म्हणून त्यांनी कूस बदलली.

आणि शुक्रवारी त्यांना खरोखर झोप लागली. भर सकाळी, लिलावाची माणसं खच्चून भरलेली असताना, तोंड किंचित उघडं टाकून त्या घोरू लागल्या. एका लिलावदाराने 'मावशी!' म्हणून हाक मारायला तोंड उघडलं, तर दोक्सू पळी घेऊन धावले.

"हळू! निजलीय ती."

"अहो पण मीठ—"

"मीठ जास्त आहे, मला माहितीय. गुपचूप खा."

तीन मैलांवर भाव ऐकू जातील असा ज्यांचा आवाज, ती माणसं त्या दिवशी कानात बोलत खारट रस्सा प्यायली. थाक यांगसिक मोजे घालून वाढत होते. दोक्सूंनी खोलीचं दार अलगद ओढून घेतलं. बंद नाही, बोटभर फट ठेवून. पुन्हा पुन्हा येऊन ते त्या फटीतून बघून जात.

शनिवारी संध्याकाळी, आठवडा संपता संपता, मी चौकशीला गेलो आणि नोंदी केल्या; योम बाई आणि थाक यांची घरंही माझ्याच यादीत होती. मालसुक मावशी: विश्रांती. योम बाई, ज्या आजवर 'घरकाम' होत्या: रोजगार. थाक यांगसिक, जे 'वार्धक्य' होते: रोजगार. आणि मा दोक्सू, जे इतकी वर्षं 'नोकर नसलेले स्वयंरोजगारी' होते, ते आता 'नोकर असलेले मालक' झाले. (त्यांनी हे दोनदा वाचून दाखवायला लावलं.) मावशी पूर्वीही मोजल्या जात नव्हत्या, त्यामुळे त्या आडव्या झाल्याने राष्ट्राचं कसलंच नुकसान झालं नाही. उलट दोन रोजगार निर्माण झाले.

हे आमच्या विभागप्रमुख जिन साहेबांच्या नजरेतून सुटलं नाही. मंदीत सोंगपोचा आकडा वर! त्यांनी मला बोलावून घेतलं. "यामागे कोणती योजना आहे?"

"एक बाई झोपली, साहेब."

जिन साहेबांनी बराच वेळ विचार केला. ते अभ्यासू आहेत. एका बाईच्या झोपण्याने दोन रोजगार, तर जिल्ह्यातल्या सगळ्या खाणावळी, शेतं आणि जाळी विणायच्या ओसऱ्यांवरच्या बायका एकाच आठवड्यात आडव्या झाल्या तर बेकारी नाहीशी होऊन माणसं बाहेरून आणावी लागतील, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तसा प्रस्तावही तयार झाला. तो टंकलिखित करणाऱ्या बाई त्या दिवशी रजेवर होत्या, म्हणून तो वर जाऊ शकला नाही.

मावशी रविवारी उठल्या. योम बाईंचा रस्सा चाखला, अख्खं पातेलं मोरीत ओतलं आणि बाह्या वर केल्या. पण त्याआधी दोक्सूंना समोर बसवून त्यांनी सांगितलं, की ही दोन माणसं राहतील, मंगळवारी खाणावळ बंद राहील आणि त्या स्वतः पगारावर काम करतील.

"घरच्या घरात पगार?" दोक्सू म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"नोकर असलेला मालक म्हणतील."

दोक्सूंनी लगेच मान डोलावली. त्यांना ते ऐकायला आवडलं होतं.

परवा मी पुन्हा गेलो. दोक्सूंनी मला गल्ल्यापाशी बसवलं, स्वतःचे तास पंचावन्न सांगितले. पत्नीचे विचारल्यावर त्यांनी सवयीने तोंड उघडलं, मिटलं आणि मान वळवून आत विचारलं, "हेरिमच्या आई, तुझे किती गं?"

"चाळीस!" मुळे चिरता चिरता मावशी ओरडल्या. "वर गेले तर मी सांगेन. तुम्ही मोजू नका!"

दोक्सूंना हसणारे बरेच वाचक असतील. माणूस डोळ्यांसमोर असून याला दिसत कसं नाही, असं त्यांना वाटेल. वाटू द्या. हे सगळं बसून, निवांत वाचून झालेलं आहे, आणि आता आतून 'पानं घेतलीयत, या' अशी हाक येईल. उठा, गार होऊ देऊ नका. आमच्या नोंदीनुसार ती हाक मारणारी व्यक्ती गेल्या आठवड्यात काहीच करत नव्हती. ही माहिती आम्हाला तुम्हीच दिली आहे.