उडत्या हत्तीची व चांदणशेल्याची हकीकत

॥ श्री ॥ वीजदेवतेस नमन असो, तारेतून व तारेवाचून धावणाऱ्या लहरींस नमन असो, आणि ऐन लढाईत पडद्यावर चाक फिरवीत ठेवून फौजेची फौज अडवितो त्या अदृश्य देवास दुरूनच दंडवत असो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी वर्तमान जाहले ते ऐकिल्याप्रमाणे लिहितो. एक राज्य होते, त्याचे नाव सांगावयाची आज्ञा नाही. ते पृथ्वीवर नाही, पाताळात नाही, काचेच्या पडद्यामागे आहे, आणि तेथे डोंगर आहेत, अजगर आहेत, राक्षस आहेत, भर बाजारपेठही आहे. देशोदेशीचे लोक जेवणखाण आटोपून तेथे उतरतात आणि राक्षस मारितात, आणि राक्षसाच्या पोटातून जी चीजवस्त निघेल तिचा बाजार भरवितात. त्या राज्याचा एक दस्तूर मोठा खोडसाळ, आणि पुढील सर्व हकीकत त्याजवर उभी आहे, म्हणोन वाचणाराने ध्यानी धरावा. वस्त्र एकवार अंगावर चढले की ते त्या अंगाचे झाले, मग ते विकता येत नाही, देता येत नाही, गहाणही पडत नाही. त्यामुळे तेथे सगळीच उलटी तऱ्हा. काल आलेला नवखा मिळेल ते चढवून नवरदेव होऊन हिंडतो, आणि जो खरा मातबर त्याचे अंगावर लक्तरे, कारण घातले की मोल गेले.

ऐशा लक्तरधारी मातबरांत शिरोमणी म्हणजे राजश्री दुर्धर्षराव. मृत्युलोकी त्यांस हेरंब टेंबे म्हणत, सातारियास चष्म्यांचे दुकान होते, आणि दुपारी दुकान मिटवून जेवण झाले की इतर दुकानदार डाव्या कुशीवर पडत त्या वेळी राव राज्यात उतरत. अजगरांच्या पोटातून फार क्वचित निघणारी सात वस्त्रे त्या राज्यात नावाजलेली होती, त्यांपैकी सहा रावांचे जामदारखान्यात. राव रोज जामदारखाना उघडीत, सहाही डोळे भरून पाहत, आणि पुन्हा कुलूप घालीत, आणि स्वतः ठिगळांची घोंगडी पांघरून मोहिमेवर निघत. सातवे वस्त्र चांदणशेला. तो मिळता तर उत्तरेकडील सावकार कुबेरजंग सातांचे बदल्यात आपला उडता हत्ती देणार होता. सबंध राज्यात उडता हत्ती एकच. हत्तीचे नाव निघाले की रावांचे जेवणात लक्ष राहत नसे. एकदा कुटुंबाने, उर्मिलाबाईंनी, पोळी वाढता वाढता विचारिले, "हत्ती बांधणार कुठे? खाली स्कूटर लावायला जागा नाही." राव म्हणाले की तो उडता आहे, तेव्हा बाईंनी दुसरी पोळी वाढली आणि विषय सोडून दिला.

आता चांदणशेला कोणाकडे, तर रावांचीच जुनी सांगातीण ढालगजबाई, तिचेकडे. बाई मृत्युलोकी धुळ्याच्या मंदाताई देसले, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त जाहल्या, आणि घरात बोलावयास कोणी नाही म्हणोन राज्यात आल्या त्या ढाल घेऊन सर्वांपुढे उभ्या राहू लागल्या. दोघांची भेट कधी जाहली नाही, कानाच्या यंत्रातून बोलणे तेवढे होई. परंतु राक्षसाचा घाव बाईंनी झेलावा आणि मागून रावांनी तलवार चालवावी ऐसा वर्षानुवर्षांचा परिपाठ. गेल्या साली अजगर मारिला, फासे टाकिले, आणि शेला बाईंस पडला. राव तेव्हापासून हात जोडून म्हणत होते की बाई, काही करा परंतु अंगाला लावू नका. बाई म्हणत की घाई नाही, मला तर तो मळखाऊच दिसतो, एवढे काय त्याचे? अलीकडे बाईंचा एक दोष मात्र वाढला होता. चालता चालता झाडास धडकत, पुलावरून जावयाचे ते नदीत जात, आणि एकदा सबंध फौजेस घेऊन थेट आगीच्या कुंडात उतरल्या. राव तेव्हा फार रागे भरले. बाईंनी ऐकून घेतले.

मग मार्गशीर्षात एका दुपारी बाईंनी रावांस बाजारात बोलाविले आणि सांगितले की आपण राज्य सोडितो. दृष्टी गेली, वडील भावाचे डोळे काचबिंदूने गेले तीच वाट आता आपली, डॉक्टरकडे जाऊन तेच ऐकावयाचे त्यापेक्षा न गेलेले बरे. शेला तुम्ही ठेवा, मोबदला नको. रावांस दुःख जाहले हे खरे, आणि हत्ती दिसला हेही खरे, आणि दोहोंत आधी काय जाहले ते विचारू नये. देवघेवीची पाटी उघडली, आणि दोहों बाजूंनी कबूल म्हणावे तो बाईंस कबुलीची कळच सापडेना. राव दुकानात गिऱ्हाइकास सांगावे तैसे सांगू लागले, उजवीकडे, खाली, आणखी खाली, हिरवे दिसते ते. बाई म्हणाल्या, "हिरवं कुठलं आलंय, राव. सगळं चहात बुडवून काढल्यासारखं दिसतंय. आणि दिव्याभोवती नुसती कडी." मग चाचपडत चाचपडत कळ दाबली गेली, आणि शेला जामदारखान्यात आला.

परंतु रावांचे कान चष्मेवाल्याचे. रंग मळतात, दिव्यास कडी पडतात, नजर धुकटते, हे त्यांनी जन्मभर ऐकिले होते, आणि ते बहुतकरून काचबिंदूचे नव्हे, मोतीबिंदूचे लक्षण, हे त्यांस झोपेतही सांगता आले असते. आता मोठी मसलत पडली. सांगावे तर बाई बऱ्या होतील, राज्यात राहतील, आणि शेला मागतील, आणि मागितला तर नाही कोणत्या तोंडाने म्हणावे? न सांगावे तर सावकाराशी ठरल्याप्रमाणे पौषी पौर्णिमेस हत्ती दारी. रावांनी मनाची समजूत घातली की आपण काही डॉक्टर नव्हे, उगाच आशा लावू नये, उद्या पाहू. आणि उद्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले आणि म्हणाले की अलीकडे धुकट दिसते. रावांनी बॅटरी मारून पाहिले, आणि घटकेत म्हणाले की बाबा, मोतीबिंदू वाटतो, डॉक्टरांना दाखवा, घाबरण्यासारखे काही नाही. गृहस्थ आशीर्वाद देऊन गेले. राव मात्र हातात चष्म्याची दांडी धरून तैसेच बसले. ज्याचे नाव ठाऊक नाही त्यास एका दमात सांगितले, आणि जिने अंगावर घाव झेलले तिला सांगावयास जीभ वळेना, याची त्यांस मनापासून लाज वाटली.

त्याच दुपारी रावांनी बाईंस गाठिले आणि सर्व सांगितले, आणि कालच कळले होते हेही सांगितले.  मग बाई म्हणाल्या, "हत्तीपायी?" राव होय म्हणाले. बाई हसल्या की काय ते यंत्रातून कळले नाही. राव शेला परत घ्या म्हणाले, तर बाई म्हणाल्या की देसल्यांकडे दिलेले परत घेत नाहीत, तुम्ही तो अंगावर घाला, डोळे आले तर बघेन, न आले तर तुम्ही सांगा कसा दिसतो ते. आणि भाचीस घेऊन डॉक्टरकडे गेल्या, आणि तो मोतीबिंदूच निघाला, चांगला पिकलेला.

येथे राव पुन्हा घसरले. शेला घालतो म्हणाले खरे, परंतु घालवेना. बाई तिकडे शस्त्रक्रियेत, कोण पाहतो? आणि पौर्णिमेची दुपार आली. सावकार कुबेरजंग हत्तीवर बसून आभाळातून बाजारात उतरला, बघ्यांची ही गर्दी लोटली, हत्तीने सोंड उचलिली, आणि रावांनी घोंगडीतून हात काढून सातही वस्त्रे देवघेवीच्या पाटीवर ओळीने मांडिली. आता कबूल म्हणावयाचे तेवढे राहिले, इतक्यात गर्दीतून ढाल घेऊन बाई आल्या, आणि कोणास न धडकता आल्या, हे रावांनी सर्वांआधी पाहिले. बाई समोर उभ्या राहिल्या आणि रावांस वरपासून खालपर्यंत निरखू लागल्या.

"राव, इतकी वर्षं तुम्ही हे घालून फिरत होता?"

रावांनी घोंगडी जरा आवळून घेतली.

"लोक म्हणायचे, राज्यात सगळ्यांत श्रीमंत तुम्ही. मला नुसतं काळपट काहीतरी दिसायचं. मी म्हणायचे, माणूस झगझगीत असणार, माझेच डोळे गेलेत." मग जरा थांबून म्हणाल्या, "अजून एकच डोळा झालाय. तरी एवढी ठिगळं दिसली."

सगळा बाजार हसला, आणि सावकारही हसला, आणि हत्तीने तेवढ्यात कान हलविले. रावांनी हत्तीकडे एकवार पाहिले. जीव तुटला, तो त्यांनी तुटू दिला. मग पाटीवरून शेला उचलिला आणि घोंगडीवरूनच अंगावर घेतला. दस्तुराप्रमाणे तो त्याच क्षणी त्यांचा जाहला, सातांचा संच मोडला, सावकाराने हत्ती फिरविला, आणि हत्ती बाजारावरून एक फेरी मारून उत्तरेस उडून गेला. राव मान वर करून पाहत होते. बाई हत्तीकडे पाहतच नव्हत्या.

"निळा आहे की हो," त्या म्हणाल्या. "मी मळखाऊ म्हणत होते. किती निळा आहे."

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. लोक म्हणतात हत्ती गेला आणि शेपूट राहिले, येथे शेपूटही राहिले नाही. सावकाराने हत्ती पुढे कोणास दिला ते कळले नाही. सातारियात एवढेच कळले की दुसरे दिवशी टेंब्यांचे दुकान फार उशिरा उघडले, कारण राव जामदारखान्यातील उरलेली सहा वस्त्रे एकेक करून अंगावर चढवीत होते, आणि बाई धुळ्याहून प्रत्येकाचा रंग सांगत होत्या. लिहिणाराचे नाव विचारू नये. कोठे अक्षर धुकट दिसले तर आधी चष्मा पुसून पाहावे, मग लिहिणारास दोष द्यावा.