मुद्दाम वाकडी

सांगलीत माधवनगर रस्त्यावर आमच्या टायरच्या दुकानासमोर पन्नाशीचा एक माणूस दिवसातून आठ-दहा वेळा चालत्या मोटारींच्या मागे धावायचा. कमरेत वाकलेला, एक हात पाठीवर, टोपी खिशात. परगावच्या माणसाला वाटायचं, याचं काहीतरी गाडीत राहिलंय. कुणी सज्जन गाडी थांबवून विचारायचा, "काय हो, काय झालं?" की हा ओरडायचा, "थांबू नगा! चालवा! चाल बगतोय!"

हे हवालदार खरात. मूळचे माण तालुक्यातले, मेंढपाळाच्या घरचे. फौजेच्या वर्कशॉपात वीस वर्षं गाड्यांची चाकं सरळ केली आणि निवृत्त होऊन गावी गेले, ते नेमके मोठ्या दुष्काळाच्या साली. भावांची मेंढरं चाऱ्याच्या शोधात एकीकडे निघाली, हे सांगलीकडे निघाले. माझ्या दुकानाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी आपली हत्यारं मांडली. ओळंबा, सुतळी, एक लांब लाकडी पट्टी आणि खडू. पाने-हातोडे नंतर आले.

टायरवाल्याला असा शेजारी म्हणजे संकटच. चाकं सरळ धावली की टायर झिजत नाही, आणि टायर झिजलं नाही तर मी विकू काय? एकदा हसत हसत तसं बोललो, तर ते हसले नाहीत. म्हणाले, "मालक, तुमी टायर इका. पर लोकांच्या वाकड्या चाकांवर इकू नगा."

गाडी तपासायची त्यांची रीत मेंढपाळाची होती. "मेंढरू म्होरनं बगून काय कळत न्हाई. त्येच्या मागनं चालायचं. कुटं वढतंय, कुटला पाय भाईर टाकतंय. चाल सांगती." हे "चाल सांगती" त्यांच्या तोंडात कायम असायचं. गाड्या कमी पडल्या की माणसांवर यायचे. पहिल्याच दिवशी माझी चप्पल उलटी करून टाच बघितली आणि म्हणाले, "उजव्या अंगाला लय भार टाकताय. पाठ धरती का?" पाठ धरत होती.

एका लग्नात नवरदेव वाजतगाजत मांडवाकडे निघाला होता. खरात मागून पुढे घुसले आणि भर वाजंत्र्यांत त्याच्या दंडाला धरलं. "गड्या, डावा बूट काड!" वरमाय संतापली. नवरदेवानं मात्र मुकाट बूट काढला. आत खिळा वर आला होता, मोजा रक्तानं भिजला होता. बिचारा लाजेनं बोलला नव्हता. खरातांनी दगडानं खिळा ठोकला आणि वाजंत्र्यांना म्हणाले, "हं, चालू द्या."

डॉक्टर पद्माताई त्यांच्याकडे आल्या त्या वर्षी पेट्रोल महाग झालं म्हणून लोक गाड्या घरी झाकून ठेवत होते. या बाई गावात बाळंतपणाचा दवाखाना चालवायच्या. आणि वर्षातून एकदा, कर्नाटकातल्या एका ओस पडलेल्या धावपट्टीवर, मोटारींच्या शर्यतीत उतरायच्या. गाडी वडिलांच्या वेळची, लाल, दोन दारांची. आदल्या वर्षी ती वळणावर घसरत थेट गवतात गेली होती.

"हवालदार, पुढची चाकं वरच्या बाजूनं आत कलती करून द्या."

खरातांनी कानाला हात लावले. "बाई, मी वाकडी गाडी सरळ करतो. सरळ गाडी वाकडी करायचं पाप माज्याच्यानं हुणार न्हाई."

"अहो, वळणावर गाडी बाहेर झुकते. ज्या चाकावर सगळा भार येतो त्याचं टायर बाहेरच्या कडेवर उभं राहतं. पकडणार काय?"

"मग वळन हळू घ्यावं."

"शर्यत आहे हो ती!"

बाईंनी डिकीतून जुनं टायर काढून त्यांच्यापुढे टाकलं. बाहेरची कड पार सोललेली, आतली कड नवीकोरी. खरातांनी ते मांडीवर घेतलं आणि त्यावरून बराच वेळ बोटं फिरवत बसले. मग म्हणाले, "उद्या माळावर गाडी आना."

दुसऱ्या दिवशी माळावर ते चक्क पोटावर आडवे झाले आणि बाईंना आपल्याभोवती वेगानं गोल फिरायला लावलं. मी जीव मुठीत धरून उभा. आठ-दहा फेऱ्या झाल्या. धुरळ्यातून उठले तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

"मालक, सरळ मंजी कवा सरळ? हुबी आसताना, का पळताना?"

त्यांनी भुवया पुसल्या. "वीस वरसं मी हुब्या गाड्या सरळ केल्या," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

पुढचे चार दिवस त्यांनी दुसरी गाडी शेडमध्ये घेतली नाही. चाकाच्या सांध्यात लोखंडाच्या पातळ पट्ट्या घालायच्या, ओळंबा सोडायचा, माळावर जायचं, पोटावर झोपायचं, परत येऊन पट्टी बदलायची. शेवटी काम मनासारखं झालं, पण अब्रूची धास्ती जाईना. त्यांनी एका पत्र्यावर रंगानं लिहिलं, "ही गाडी गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून मुद्दाम वाकडी केली आहे. ह. खरात, सांगली." आणि ती पाटी गाडीत ड्रायव्हरसमोर ठोकली. बाई खो खो हसल्या, पण पाटी त्यांनी काढली नाही.

शर्यतीला मी जीपमधून टायर घेऊन निघालो, शेजारी खरात. बाईंची गाडी पुढे होती. "म्होरं काडू नगा," एवढं एकच वाक्य त्यांनी सगळ्या प्रवासात मला वीस वेळा ऐकवलं.

बाई तिसऱ्या आल्या. वळणाला गाडी जमिनीला चिकटून गेली. बंगलोरच्या दोघा-तिघांनी ती पाटी वाचून घेतली आणि हवालदार खरात कोण, म्हणून चौकशी केली. पण मला सांगायचंय ते त्या दिवशीच्या सकाळचं.

सूर्य नुकता वर आला होता. रात्री मुक्काम केला त्या तंबूत खरात दिसेनात म्हणून मी धावपट्टीकडे गेलो. दूर, शेवटच्या वळणावर कुणीतरी वाकून हळूहळू सरकत होतं. जवळ गेलो तर हे. धोतराचा ओचा पुढे धरलेला आणि त्यात खडे.

"हवालदार, शर्यतवाल्यांनी काल झाडून घेतलंय की सगळं."

"मोटं येचल्यात. बारकं तसंच हाय." त्यांनी मान वर केली नाही. "चाकं मी बगितली. रस्ता कोन बगनार?"

"तुम्ही केव्हापासून इथं?"

"तांबडं फुटल्यापास्नं."

ओचा भरला तसे ते कडेला गेले, खडे गवतात ओतले आणि तिथंच टेकले.

"माजं पोरगं फौजेत हाय. वर डोंगरात टरक चालवतंय. एका अंगाला कडा, एका अंगाला दरी."

इतके दिवस शेजारी राहून मला त्यांना मुलगा आहे हेही ठाऊक नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "पत्र येतं?"

"येतं की. खुशाल हाय म्हून लिवतं. मी दर येळंला इचारतो, बाबा, रस्ता कसा हाय? त्ये तेवडं लिवत न्हाई."

पुन्हा उठले आणि वाकले. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, वळणाच्या पलीकडच्या कडेला गेलो आणि तिकडून वेचायला लागलो.